निकाल आधी, परीक्षा नंतर

समजा, पेपर लिहायच्या आधीच तुमचा निकाल लागलाय असं कोणी सांगितलं, तर तुम्ही अभ्यास कराल का? सुमारे ४०० वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये साधारण याच प्रश्नावरून भांडण पेटलं आणि त्यात एका ७१ वर्षांच्या म्हाताऱ्याचं मुंडकं उडवलं गेलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चिठ्ठ्या चर्च विकत होतं, त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आवाज उठवला. त्याचं आणि नंतर जॉन कॅल्व्हिनचं म्हणणं असं, की तारण (बँकेतलं नव्हे, पापातून सुटका या अर्थी) सत्कर्मं करून कमावता येत नाही. ते देवाच्या कृपेनेच मिळतं. सत्कर्मं हे त्या कृपेचं फळ, तिची किंमत नाही.

बरं, मग कृपा काहींनाच का मिळते? कॅल्व्हिनचं उत्तर : कोण तरणार हे देवाने जग निर्माण करायच्या आधीच ठरवलंय. इथे आपल्याला लगेच 'प्रारब्ध' आठवतं, पण दोन्ही एक नाहीत. प्रारब्ध म्हणजे निदान आपलंच जुनं कर्म. इथे खात्यात मागचं-पुढचं काहीच जमा नाही!

लायडन विद्यापीठातला प्राध्यापक याकोबस आर्मिनियस इथेच अडला. सगळं देवानेच ठरवलं असेल तर नरकात जाणाऱ्याचा दोष काय? तो म्हणाला, देव कृपा देऊ करतो, पण माणूस ती नाकारू शकतो. जे विश्वास ठेवतील असं देवाला आधीच दिसतं, त्यांची तो निवड करतो. त्याचा सहकारी गोमारस भडकला. त्याच्या मते यातून सगळा भार पुन्हा माणसाच्याच डोक्यावर येत होता आणि सत्कर्मांचा हिशोब मागच्या दाराने आत शिरत होता.

गंमत म्हणजे सत्कर्मांनी तारण मिळत नाही आणि कृपेशिवाय माणसाच्या हातून काही चांगलं घडत नाही, हे दोघांनाही मान्य होतं. फरक इतकाच, की कृपेला 'नको' म्हणता येतं का?

१६०९ साली आर्मिनियस वारला. १६१० मध्ये त्याच्या बाजूच्या पाळकांनी पाच मुद्द्यांचं निवेदन दिलं आणि भांडण चर्चबाहेर पडलं. हॉलंडचा मुरब्बी राजकारणी ओल्डनबार्नेफेल्ट याचं मत होतं, की दोन्ही बाजूंनी एकाच चर्चमध्ये नांदावं. स्पेनशी १६०९ मध्ये झालेला तहही त्याचाच. सेनापती प्रिन्स माउरिट्सला तो तह मान्य नव्हता. १६१७ मध्ये त्याने उघडपणे गोमारसची बाजू घेतली आणि ऑगस्ट १६१८ मध्ये ओल्डनबार्नेफेल्टला अटक झाली.

नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ड्रेख्त शहरात धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनीतूनही प्रतिनिधी आले. आर्मिनियसच्या अनुयायांना मात्र सदस्य म्हणून नाही, तर आरोपीसारखं बोलावलं होतं. मे १६१९ मध्ये निकाल जाहीर झाला : निवड बिनशर्त, कृपा अटळ. सुमारे २०० पाळकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि १३ मे १६१९ रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली ओल्डनबार्नेफेल्टचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्याचा साथीदार, कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस, याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून पळाला. ही युक्ती त्याच्या बायकोची!

मला विचाराल तर खोटं कोणीच बोलत नव्हतं. आर्मिनियसला देव अन्यायी ठरायला नको होता. गोमारसच्या बाजूलाही माणसाची काळजी होतीच : तारण माझ्या डळमळत्या मनावर अवलंबून असेल, तर मला रात्री झोप कशी लागणार? असे प्रश्न बहुमताने सुटत नाहीत. पण सरकारला उत्तर एकच हवं असलं की दुसरं उत्तर देणारा गुन्हेगार ठरतो.

१६२५ मध्ये माउरिट्स वारला आणि हद्दपार केलेले पाळक हळूहळू परतले. १६३४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्यांचं स्वतःचं विद्यालयसुद्धा निघालं. म्हणजे एका चर्चमध्ये नाही, तरी एका देशात दोघंही नांदू लागले. वाद कोणीच जिंकला नव्हता. आजही अनेक रिफॉर्म्ड चर्चेस डॉर्ड्रेख्तचा निकाल मानतात, आणि जॉन वेस्लीचे मेथडिस्ट आर्मिनियसच्या बाजूने आहेत. म्हातारा इतकंच तर मागत होता..