करंजाचे तेल आणि सोयाबीनचा चिकटा

न्हावरे, शिरूर या भागात करंजाचे झाड काही परके नाही. खरूज-गजकर्णावर करंजाचे तेल चोळण्याची रीत तर फार जुनी. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डी. बी. लिमये यांनी १९२५ च्या सुमारास या तेलातून ‘करंजिन’ हा स्फटिकरूप घटक वेगळा केला. तेलात नेमके काय आहे, हे त्यामुळे तपासता येऊ लागले. पण ते त्वचेत किती शिरते, हा प्रश्न उरलाच. तेल चोळले तरी बरेचसे वरच राहते आणि कपड्यांना लागते.

या प्रश्नाला एक वाट अनपेक्षितपणे मिळाली. १९६१ मध्ये इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांना असे आढळले, की लेसिथिन पाण्यात भिजवले की त्याच्या सूक्ष्म, बंद पिशव्या आपोआप बनतात. याच लायपोसोम. त्यांच्या पोटात पाण्यात विरघळणारे औषध मावते, तर करंजिनसारखा तेलात विरघळणारा पदार्थ भिंतीत बसू शकतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नुसते तेल पाण्यात घुसळून लायपोसोम होत नाहीत, थेंब होतात. तेलाच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले टोक जवळजवळ नसते. लेसिथिनला ते असते. हे लेसिथिनही बियांतूनच मिळते. सोयाबीनचे तेल शुद्ध करताना जो चिकटा बाजूला काढतात, त्यात ते असते.

१९८० मध्ये कॅनडात मेझेई व गुलशेखरम यांनी सशांच्या त्वचेवर लायपोसोममधील औषध लावून पाहिले. साध्या मलमाच्या मानाने ते त्वचेत चार-पाच पट अधिक साठले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने ॲम्फोटेरिसिन हे बुरशीनाशक सोयाबीनच्या लेसिथिनमधून रुग्णांना दिले. ते शिरेतून देण्याचे होते. मूत्रपिंडाला होणारा त्याचा त्रास कमी झाला.

म्हणून ‘वनस्पतिजन्य लायपोसोम’ असे डबीवर वाचले, की तीन प्रश्न विचारावेत. औषधी घटक कोणता व किती? पिशवीत त्यातला किती बसला? त्वचेत किती उतरला, हे कोणी मोजले? लिमये यांच्या कामाने पहिल्या प्रश्नाची सुरुवात पुण्यातच झाली होती.

वर्गात दोन बाटल्यांत तेल-पाणी हलवा. एकीत थोडा अंड्याचा बलक घाला. बलकातही लेसिथिन असते. कोणत्या बाटलीतले तेल लवकर वेगळे होते, ते मुलांनाच पाहू द्या.