शरणपूरचे विद्यार्थी

आपल्या नामवंत विद्यार्थ्यांची व अध्यापकांची यादी जपून ठेवण्याची हौस सर्वच मोठ्या विद्यापीठांना असते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे नाव अभिमानाने सांगते. १८९८ ते १९०७ या काळात ते तेथे प्राध्यापक होते आणि तेथील संशोधनाचा गौरव १९०८ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. टोरंटो विद्यापीठ फ्रेडरिक बँटिंग यांचे नाव घेते. ते तेथेच शिकले आणि इन्सुलिनचा शोधही त्यांनी १९२१ साली तेथेच लावला. आपल्या नाशिक जिल्ह्याला अशी यादी करावयाची झाली, तर तिच्यात कोणाची नावे घालावीत? देवळा, कळवण, सटाणा या भागांतून उच्च शिक्षणासाठी नाशिकला जाणारे आमचे तरुण शरणपूर रोडवरून नित्य ये-जा करतात. ते शरणपूर म्हणजे काय, असे त्यांच्यापैकी कोणाला विचारले तर बहुधा ‘एक रस्ता’ एवढेच उत्तर मिळेल. आमच्या मते या जिल्ह्याच्या यादीतील पहिली नावे त्या रस्त्याच्या नावामागे दडलेली आहेत.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे कार्य नाशिकला १८३२ साली सुरू झाले. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभारली आणि तिचे नाव ठेवले शरणपूर, म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेल्यांना तेथे आसरा होता, शाळा होती, सुतारकाम व लोहारकाम शिकविणारे कारखाने होते. पुढे १८६० च्या सुमारास मुंबईचा आफ्रिकन आश्रम तेथे हलविण्यात आला आणि या खेडेवजा वसाहतीचा संबंध थेट पूर्व आफ्रिकेशी जडला.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे पकडून, किनाऱ्यावर आणून, गलबतांतून अरबस्तानाकडे विकण्यास नेली जात. ब्रिटिश आरमाराची जहाजे अशी गलबते अडवीत आणि सुटलेल्या गुलामांपैकी अनेक मुले मुंबईला आणून सोडीत. त्यांना परत कोठे पाठवणार? गाव ठाऊक नाही, आईबापांचा ठावठिकाणा नाही, भाषा कोणाला कळत नाही. अशी मुले गोदेकाठी आली, इंग्रजी वाचू लागली, रंधा व घण हाती धरू लागली. त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नावेही नवी मिळाली. ही नावे पाहिली म्हणजे मन थबकते: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरर. मिशनऱ्यांचीच आडनावे मुलांना चिकटली. मॅथ्यू वेलिंग्टन या मुलाचे मूळ नाव चेंग्विंबे असे होते हे सुदैवाने नोंदले गेले; पण बहुतेकांची मूळ नावे त्या गलबतांबरोबरच बुडाली. दयेने दिलेले नावही पहिले नाव पुसूनच दिले जाते. उपकारकर्त्यांच्या लेखी ही बाब क्षुल्लक होती. आम्हांस ती तशी वाटत नाही.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे त्यांना पाठबळ होते. आफ्रिकेच्या अखेरच्या प्रवासासाठी त्यांनी शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण बरोबर घेतले. मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेले चुमा व वेकोतानी हे दोघेही त्यांच्यासोबत निघाले. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत या नाशिककरांविषयी कौतुकापेक्षा तक्रारीच अधिक आढळतात: आळशी, मागे रेंगाळणारे, पळून जाणारे. रिचर्ड तर १८६६ मध्येच वाटेत आजारी पडून मरण पावला. काहींनी साथ सोडली हे खरेच. परंतु बालपणी ज्या वाटेने साखळदंडांत नेले गेले तीच वाट ओझे घेऊन पुन्हा तुडविणाऱ्यांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार त्या थोर प्रवाशाने फारसा केलेला दिसत नाही. एडवर्ड गार्डनर, एब्राम व नॅथानिएल मात्र त्यांच्यासोबत राहिले. १८७२ साली नाशिकचे आणखी सहा तरुण त्यांना जाऊन मिळाले. जेकब वेनराइट, कॅरस फॅरर व मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांत होते.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो या गावी, लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. तेथेच माती देऊन पांगणे सोपे होते आणि तसे केले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण सुसी, चुमा व नाशिकचे तरुण यांनी देह किनाऱ्यापर्यंत नेण्याचा निश्चय केला. शव उघडून आतील अवयव काढण्याच्या कामी कॅरस फॅरर याचा हात होता. हृदय एका झाडाखाली पुरले, तेव्हा दफनाची प्रार्थना जेकब वेनराइट याने वाचली आणि त्या झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख त्यानेच कोरली. १८९९ साली ते झाड तोडण्यात आले व कोरलेला भाग लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे गेला. शाळेत गिरविलेली अक्षरे एवढ्या दूर व एवढ्या कामी आल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मीठ घालून उन्हात वाळविलेला तो देह कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी सुमारे नऊ महिने वाहिला. वाटेत काही सोबती मरण पावले. मृतदेह आपल्या हद्दीतून नेणे लोकांना अशुभ वाटे, म्हणून एके ठिकाणी तो पुरल्याचे सोंगही करावे लागले. उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. देह येथेच पुरावा असे त्याने सुचविले. त्यांनी ते मानले नाही. गोऱ्या साहेबाचे म्हणणे त्या काळी, त्या मुलखात, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांनी नाकारावे, ही गोष्ट आम्हांस त्या दीर्घ वाटचालीइतकीच मोठी वाटते.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो या बंदरी पोहोचले. तेथे देह ठेवून घेतला तो आपल्या कॅथलिक धर्मगुरूंनी. पवित्र आत्म्याच्या संघाचे मिशन तेथे १८६८ पासून होते आणि तेही मुक्त गुलामांचे गाव वसवीत होते. म्हणजे शरणपूरचेच भावंड म्हणावयाचे. अँग्लिकन शाळेत शिकलेल्या आफ्रिकन तरुणांनी वाहून आणलेला एका स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचा देह फ्रेंच कॅथलिक मठात विसावला, तेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेला अजून जवळजवळ नव्वद वर्षे अवकाश होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला. शवपेटीच्या मानकऱ्यांत हेन्री स्टॅन्ली व जॉन कर्क यांच्यासमवेत जेकब वेनराइट होता. आठ जणांत तो एकटाच आफ्रिकन. सुसी व चुमा इंग्लंडला पोहोचले ते दफन होऊन गेल्यावर. जेकबची हस्तलिखित रोजनिशी स्कॉटलंडमधील ब्लॅन्टायर येथील लिव्हिंग्स्टन संग्रहालयात जतन केलेली आहे. तो स्वतः १८९२ साली आफ्रिकेतच, उरांबो येथे, निवर्तला.

शरणपूरचे अध्यापक प्राइस हे १८७४ मध्ये पुन्हा जहाजावर चढले. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी त्यांनी १८७५ साली नवी वसाहत उभारली आणि फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रियर टाऊन म्हटले. तेथे शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक म्हणून कामास आले ते त्यांचेच जुने विद्यार्थी. आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे तर १८६४ मध्येच तिकडे गेले होते. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी दोघांनाही डीकनपदाची दीक्षा दिली.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले. जोन्स सोबत होते. त्यांना व बहुतेक हमालांना मागे ठेवून बिशप पन्नासएक माणसांनिशी पुढे गेले आणि २९ ऑक्टोबर रोजी राजा म्वांगाच्या आज्ञेवरून मारले गेले. ही वार्ता घेऊन उरलेला तांडा जोन्स यांनी १८८६ च्या आरंभी किनाऱ्याला परत आणला. तांड्याच्या निशाणावर ‘ईखाबोद’ हा शब्द लिहिला होता. वैभव गेले, असा त्याचा अर्थ आपल्याला शमुवेलच्या पहिल्या ग्रंथातून परिचित आहे.

आमच्या कॅथलिक वाचकांना ही हकिकत परकी वाटू नये. बिशपांच्या या हत्येबद्दल राजाला तोंडावर दोष दिला तो त्याच्याच दरबारातील कॅथलिक सेवक जोसेफ मुकासा याने आणि त्यासाठी १५ नोव्हेंबर १८८५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ३ जूनला आपण मिस्सामध्ये ज्यांचे स्मरण करतो त्या संत चार्ल्स ल्वांगा व सोबत्यांपैकी हा पहिला रक्तसाक्षी. १८ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी या बावीस जणांना संतपद बहाल केले. त्याच समारंभात पोपमहोदयांनी ख्रिस्तासाठी मरण पत्करलेल्या अँग्लिकन बांधवांचाही आदराने उल्लेख केला.

शरणपूरच्या त्या पिढीतील मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घायुषी ठरला. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहिलेल्यांपैकी शेवटचा हयात माणूस म्हणून लोक त्याला भेटावयास येत. १९३५ साली तो मोंबासा येथे मरण पावला.