अहमदनगरच्या किल्ल्यातली न पाठवलेली पत्रं

उर्दूच्या वर्गात मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ शिकवताना आपण शैलीबद्दल बोलतो, चहाच्या वर्णनाचं कौतुक करतो, चिमण्यांची गोष्ट मुलांना हसत हसत सांगतो. हे पुस्तक एका माणसानं आपलं मन सांभाळण्यासाठी लिहिलं, हे मात्र सांगायचं राहून जातं.

9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत अटक झाली आणि काँग्रेसच्या इतर नेत्यांबरोबर मौलानांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथे पहाटे उठून, स्वतः चहा करून ते लिहायला बसत. पत्रांवर नाव असे मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांचं. पण ही पत्रं टपालात कधी पडलीच नाहीत. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना लिहिलेलं पत्र म्हणजे रोजनिशीच की!

1943 च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ असल्याच्या बातम्या आल्या. सरकारकडे विनंती करायची तर करा, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं. मौलानांनी नकार दिला. जेवायला ते ठरलेल्या वेळी जात. घास मात्र घशाखाली उतरत नसे. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची चाहूल लागली की काळीज धडधडे, पण तो समोर येईपर्यंत चेहरा शांत झालेला असे. 9 एप्रिलला मृत्यूची तार आली. 36 वर्षांचा संसार संपला.

दोनच दिवसांनी, 11 एप्रिलच्या पत्रात, त्यांनी हे सगळं लिहिलं. आपली शांतता बरीचशी दिखाऊ होती, आतला अहंकार ते नाटक वठवत होता, हेही लिहिलं. किल्ल्याच्या आवारात कोणा अज्ञाताची एक जुनी कबर होती. रोज दिसणारी ती कबर आता एकदम जवळची वाटू लागल्याचं त्याच पत्रात आहे.

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध केला. सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या दुःखद प्रसंगावर लिहायचं. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर आधी वाईटच वाटलं; पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. अर्थात डॉक्टरांची गरज असेल तिथे वही पुरत नाही.

आपल्या घरांत मय्यत झाली की बाईला, पोरांना एकच सांगितलं जातं: सब्र करा. त्याचा अर्थ बहुतेकदा ‘गप्प बसा’ असाच घेतला जातो. मौलाना कुरआनचे भाष्यकार होते; सब्र म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तरीही त्यांनी लिहिलं. पुढे 1946 मध्ये पुस्तक निघालं तेव्हा 11 एप्रिलचं ते पत्रही त्यात छापलं गेलं.