रुळांना जोडलेला रस्ता

औरंगाबादेवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावरून, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग गेला. परंतु रुळांपासून दूरच्या गावांना आधार बैलगाडीचाच, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तीही रुतावयाची. अन्यत्र मोटार ही रेल्वेची प्रतिस्पर्धी ठरत होती. निजाम सरकारने मात्र १९३० साली रेल्वे विकत घेतली व १९३२ साली रस्त्यावरील वाहतूकही तिच्याच हाती सोपविली. आरंभी गाड्या अवघ्या २७. अवजड मालमोटारींसाठी विख्यात असलेल्या स्कॉटलंडच्या अल्बियन कारखान्याच्या गाड्या अशा रीतीने दख्खनच्या वाटांवर धावू लागल्या. पुढे १९५१ साली ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली तेथील बससेवा एस.टी.त मिसळली. सेवा वाढली, यात शंका नाही. परंतु रूळ आणि रस्ता यांचा एकत्र संसार मात्र मोडला.