नदीपलीकडची नगरपालिका : चादरघाट

माझी आजी परभणीहून लग्न होऊन काचीगुड्यास आली आणि उभा जन्म तिने तेथेच काढला. मुशीवरचा पूल ओलांडून पत्थरगट्टीला कापड घ्यावयास निघाली की ती म्हणे, "जरा शहरात जाऊन येते." लहानपणी मला याचा अचंबा वाटे. आपण राहतो ते शहर नव्हे काय? पुढे हैदराबादच्या नगरप्रशासनाचा इतिहास चाळताना ध्यानात आले की आजीचे बोलणे अगदी नेमके होते. तिच्या सासऱ्यांच्या काळी मुशीच्या उत्तर तीरावरील वस्ती हैदराबाद शहरात मोडतच नव्हती. तिचे नाव चादरघाट, आणि तिची नगरपालिकाही वेगळी होती.

१५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने वसविलेले शहर नदीच्या दक्षिण तीरावर होते. पुढे त्याला तट आणि दरवाजे झाले. उत्तरेस बागा, शेते, तुरळक खेडी आणि त्यापलीकडे हुसेनसागर तलाव. नदीवरील बांधावरून पाणी पसरट चादरीसारखे कोसळे, त्यावरून घाटास चादरघाट हे नाव पडले असे सांगतात. या मोकळ्या प्रदेशाचे भाग्य पालटले ते इंग्रजांमुळे. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नदीच्या याच तीरावर आपला प्रासाद उभारला. १८०६ मध्ये तलावापलीकडील छावणीस सिकंदराबाद हे नाव मिळाले. शहर आणि छावणी यांच्या मधोमध चादरघाट सापडला व वाढू लागला. १८३१ साली येथे नदीवर दगडी पूल झाला.

पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत, १८६९ साली, नगरपालिका कारभाराची घडी प्रथम बसविण्यात आली. शहराचे चार विभाग पाडले, चादरघाट या उपनगराचे पाच. या आकड्यांकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. तटाबाहेरची म्हणविणारी वस्ती तेव्हाच विभागांच्या संख्येत शहराच्या पुढे गेलेली दिसते. दोन्हींवर देखरेख मात्र एकट्या कोतवालाची होती. १८८६ मध्ये चादरघाट निराळ्या अधिकाऱ्याच्या हाती देऊन त्याची स्वतंत्र नगरपालिका करण्यात आली आणि नदी ही कारभाराचीही सीमा ठरली. ही नगरपालिका लोकनियुक्त होती असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. हा सारा सरकारी अधिकाऱ्यांचा कारभार होता.

सीमा इतकीच असती तर आपल्याला तिचे फारसे अगत्य वाटले नसते. पण चादरघाटाच्या पोटात आणखी एक हद्द होती, ती रेसिडेन्सी बाजाराची. आजचा सुलतान बाजार तो हाच. येथे निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल चाले. एक गल्ली ओलांडली की कायदा बदले. संस्थानात सभा भरवावयाची तर परवानगीचे खेटे घालावे लागत. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाने तर हा जाच फारच वाढला. सभा-संमेलने, वाचनालये, शाळा या परिसरात का एकवटली याचे एक कारण येथे सापडते. १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय येथे स्थापन झाले, १९०७ साली मराठी मंडळींची विवेकवर्धिनी. आपल्या पूर्वजांच्या ज्ञाननिष्ठेचा गौरव अशा ग्रंथात नेहमीच होतो आणि तो योग्यच आहे. पण त्या निष्ठेला उभे राहावयास जागा मिळाली ती या हद्दीच्या फटीत, हेही नोंदविले पाहिजे.

आणि आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे, जी आपण सहसा टाळतो. १९२१ च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीत महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणे श्रोत्यांनी ऐकून घेतली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूतून बोलू लागताच मात्र गलका करून त्यांची टिंगल झाली. संस्थानात सर्वाधिक लोक ज्या भाषेत बोलत त्या भाषेची ही गत! त्याच सुमारास दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघ स्थापन केला. संस्थानात मराठीची उपेक्षा झाली असे मी वर्गात अनेकदा शिकविले आहे. त्या दिवशी उपेक्षा करणाऱ्यांत आपले लोक होते, हे शिकवावयास मला बरीच वर्षे लागली.

भूगोलाने मात्र या दोन तीरांना फार काळ वेगळे राहू दिले नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला प्रलयंकारी पूर आला. हजारो माणसे दगावली, चादरघाटाचा पूल वाहून गेला आणि काही काळ शहराशी संबंध राखावयास १५७८ चा पुराणा पूल तेवढा उरला. पुढे विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने मुशीच्या खोऱ्यात वर धरणे बांधावयाचे ठरले. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ नेमले गेले. पुराने नगरपालिकेची हद्द पाहिली नव्हती. तेव्हा उपायही हद्दीपुरते करून भागणार नव्हते. इकडे मनमाडपर्यंतच्या लोहमार्गाने मराठवाड्यातील कारकून, वकील, विद्यार्थी येत राहिले आणि चादरघाटातच बिऱ्हाडे करीत राहिले.

१९३३ साली चादरघाट नगरपालिका हैदराबादेत विलीन झाली. त्याच वर्षी रेसिडेन्सी बाजारही निजामाकडे परत आला. एकाच वर्षी दोन्ही सीमा पुसल्या गेल्या. १९६० मध्ये सिकंदराबादची महापालिका मिळाली, २००७ मध्ये भोवतालच्या बारा नगरपालिका व आठ ग्रामपंचायती सामावून बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली आणि तिचे क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर झाले. त्या बारांत आमच्या विद्यार्थ्यांची कुकटपल्ली होती, मलकाजगिरी होती. तेथील मुले सुलतान बाजारात पुस्तके घ्यावयास निघतात तेव्हा घरी सांगतात, "शहरात जाऊन येतो."