सुताची भूमिती

'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या संस्कृत शब्दापासून आला आहे. एका अख्ख्या व्यवसायाचे नाव करवतीवरून न पडता दोरीवरून पडावे, हे सूचक आहे. लाकूड कापण्याआधी ते आखावे लागते, आणि खरी विद्या त्या आखणीत असते.

बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील 'शुल्ब' म्हणजेही दोरीच. आयताच्या कर्णावरील चौरस दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे तत्त्व तेथे वेदी आखण्याच्या निमित्ताने येते. आजही पाया 'गुण्यात' आहे की नाही, हे गवंडी ३, ४ आणि ५ या मापांनी ताडून पाहतात. जपानी सुताराच्या गुण्यावर एका अंगाला प्रत्येक माप २ च्या वर्गमुळाने वाढवलेले असते. त्या अंगाने ओंडक्याचा व्यास मोजला, की त्यातून निघणाऱ्या मोठ्यात मोठ्या चौरस तुळईची बाजू आकडेमोडीविना वाचता येते. अशा रीतीने अवघड गणित अवजारातच मुरलेले असते.

तुळई सरळ असते. जहाजात मात्र सरळ रेषा विरळाच. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या बंदरांत ये-जा करणारी गलबते आणि मचवे कोकणच्या सुतारांनी कागदी नकाशाविना बांधले. पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडल्यावर पुढची वळणे दोरी, साचा आणि मिस्त्रीची नजर यांवर ठरत. बाकासाठी मुळातच वाकडे वाढलेले लाकूड निवडले जाई.

मुंबईच्या गोदीत दुसरी पद्धत रुजली होती. 'त्रिंकोमाली' या ब्रिटिश युद्धनौकेचे नकाशे आणणारे 'जावा' हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकी आरमाराशी झालेल्या लढाईत गमावले. नकाशांचा दुसरा संच पाठवावा लागला. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ती नौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

या दोन पद्धतींतला फरक येथे उघड होतो. कागद बुडाला तर दुसरी प्रत निघते. मिस्त्रीच्या हातातली आखणी त्याच्याबरोबर जाते, आणि ती कधी गणित म्हणून नोंदलीही जात नाही.

आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. मच्छीमाराने त्या का नाकाराव्यात? पण तेथे आकार एकदाच साच्यात ठरतो. पुन्हा आखण्याचे कारणच उरत नाही. म्हणून जे लाकडी मचवे शिल्लक आहेत, त्यांची मापे घेतली पाहिजेत. त्याहूनही आधी जुन्या मिस्त्रींना विचारले पाहिजे, की त्यांनी पहिले माप कोणते धरले आणि त्यावरून बाकीची कशी काढली.