अंगणवाडी : उपकार नव्हे, हक्क!

अंगणवाडी म्हटली की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो. त्या शब्दामागचा विचार मात्र आपण विसरलो. तो विचार ताराबाई मोडक यांचा.

मॉन्टेसरी पद्धत आपल्याकडे आली ती मुख्यतः शहरातल्या सुखवस्तू घरांत. साधनं महागडी. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली गरीब मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

पण मित्रांनो, इथेच एक प्रश्न विचारला पाहिजे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी बजावलं होतं की, शिक्षण वरून खाली झिरपत नाही. कष्टकऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या सरकारनं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं. म्हणजे मागणी दयेची नव्हती, हक्काची होती.

बाबासाहेबांच्या संविधानातलं मूळ कलम ४५ वाचा. चौदा वर्षांखालच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचं शिक्षण. त्यात 'सहा वर्षांपासून' असं कुठेही नव्हतं! २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ही तरतूद फक्त प्राथमिक शिक्षणापुरती आखडण्याची सूचना आली, ती बाबासाहेबांनी नाकारली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं मात्र मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. सहा वर्षांखालचं बाळ मार्गदर्शक तत्त्वांतच राहिलं, म्हणजे कोर्टात दाद मागता न येणाऱ्या कलमात. म्हणूनच अंगणवाडी आजही 'योजना' आहे आणि सेविकेला पगार नाही, 'मानधन' आहे.

याचा फटका कोणाला बसतो? ज्यांच्याकडे पैसा आहे ते नर्सरी विकत घेतात. आपल्या यवतमाळात झरी-जामणी, केळापूरच्या पोडांवरचं कोलाम लेकरू घरी कोलामी बोलतं आणि अंगणवाडीत पहिल्या दिवसापासून मराठी ऐकतं. कापूस वेचायला गेलेल्या आईच्या लेकराला दुसरा पर्यायच नाही.

ताराबाईंनी शाळा अंगणात नेली, हे त्यांचं मोठेपण. पण अंगण कोणाच्या मोठेपणावर अवलंबून राहू नये, ही फुले-आंबेडकरांची शिकवण. म्हणून पुढच्या ग्रामसभेत रस्ता-नालीसोबत अंगणवाडीचा विषयही मांडा : ती रोज उघडते का, तिथे शिकवलं जातं का, आणि कोणत्या भाषेत?

जयभीम!